दाराबाहेरची गयाबाई

माझ्या उभ्या जन्मात मला दारात काठी आडवी लावून अडवणारं माणूस एकच भेटलं. तेही बाईमाणूस. आणि काठी कसली, तर फरशी पुसायची, टोकाला ओलं फडकं असलेली.

पन्नास वर्षं मी मेंढरांमागं हिंडलो. ज्याच्या रानात माझी मेंढरं बसायची तो मालक मला न्यायला स्वतः बांधावर यायचा. मेंढरं किती दिवस बसवायची ते मी सांगायचो आणि तो ऐकायचा. अशा माणसाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली झाडलोट करणारी बाई अडवते आणि विचारते,

“कोण आजारी हाय?”

“माझा लेक.”

“मंग तुमी कुठं निघालाव?”

“मी बाप हाय त्याचा.”

“ते नाकावरनं दिसायलंय. आत एकच जोडी जाती, पाव्हणं. दुसरी जोडी बाकड्यावर.”

जोडी म्हणजे पायातली. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असायचं, आणि कोण आत, कोण बाहेर याचा हिशेब गयाबाई चपलांवरून ठेवायची. भांडावं तर समोर बाईमाणूस. मी बाकड्यावर बसलो. दत्ता एकटा आत गेला.

दत्ता माझा धाकटा. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. मागच्या हिवाळ्यात परळीच्या रस्त्याला पहाटे मेंढरं रस्ता ओलांडत होती. धुक्यातून राखेनं भरलेला टिपर आला आणि तेवीस मेंढरं जागेवर गेली. मी मागून धावत पोचलो तर दत्ताला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तो घरी आला तो निराळाच. काठीला हात लावीना, मेंढरांकडं बघंना. कडब्याच्या गंजीकडं तोंड करून बसायचा. ताट पुढं ठेवलं तर खायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. चार महिने त्याचा आवाज त्याच्या लेकरांनीसुद्धा ऐकला नाही. एकदा त्याची आई पाण्याला गेली तर हा विहिरीच्या काठावर उभा, आत बघत. तिनं त्याला हाताला धरून घरी आणलं आणि त्या दिवसापासून क्षणभर एकटं सोडलं नाही. आमच्या गावातली आशाताई, घरोघर जाऊन आजाऱ्या-बाळंतिणींची चौकशी करते ती, तिनं सांगितलं, “तालुक्याला मनाच्या दुखण्याची मॅडम बसती. मंगळवार, शुक्रवार. गोळ्या देणारे डॉक्टर येगळे. ह्या मॅडम नुसतं बोलत्यात. आबा, उशीर करू नका.”

नुसतं बोलून दुखणं बरं करतात हे ऐकूनच मी चाट पडलो. पण दत्ताच्या आईनं मला बोलायला जागाच ठेवली नाही. गेलो.

आता जाताना मी काय केलं ते सांगतो, कारण गयाबाईनं मला जन्मभराची अद्दल घडवली ती त्यावरूनच. आमच्यात देवरशाकडं पुसायला जायची रीत आहे. त्या रीतीत आपण आपलं गाऱ्हाणं सांगायचं नसतं. मूठभर ज्वारी पुढं ठेवायची आणि गप बसायचं. समोरचा खरा जाणता असेल तर तोच सांगतो, तुमच्या घरात असं झालंय, अमक्या दिशेला झालंय. आपण सांगितल्यावर त्यानं सांगितलं तर त्यात त्याची विद्या ती काय? म्हणून एसटीत मी दत्ताला बजावलं, “आत गेल्यावर तोंड उघडायचं न्हाई. तिच्यात काय असंल तर ती आपसूक वळखंल. आपण आयतं सांगायचं न्हाई.” दत्तानं मान हलवली. तो तसाही बोलत नव्हता, पण मान हलवली हे मला बरं वाटलं. बापाचा शब्द अजून चालतो असं वाटलं.

तर तो आत गप, आणि मी बाहेर गयाबाईसमोर.

बाई साठीच्या आतबाहेरची. अंगानं काटकी. लुगड्यावर निळा कोट, त्याची एक बाही उसवलेली. बसायला लोखंडी स्टूल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. शेजारी पत्र्याची बादली. ती बादली ती मधेच, काही कारण नसताना, फरशीवर खाडकन आदळायची, कडी खळाखळा वाजवायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढत न्यायची. फरशी कोरडीच्या कोरडी. मला वाटलं, कामाचा आव आणायची खोड आहे बाईला. सरकारी माणसं मी काय कमी बघितली नव्हती.

दत्ता आत गेल्यावर ती वाकली आणि त्याच्या चपला उचलून दाराकडं पाठ आणि बाहेरच्या फाटकाकडं तोंड अशा सरळ मांडून ठेवल्या.

मी म्हणालो, “माणूस आत्ता आत गेला आन तुमी त्याला हाकलायची तयारी केलीव?”

“उलटं हाय ते,” ती म्हणाली. “निघायची वाट समोर दिसली की माणूस थांबतंय. कोंडलं की उधळतंय. तुमी मेंढरंवाले, तुमाला मी काय सांगावं?”

“तुमाला कुणी सांगितलं मी मेंढरंवाला?”

“घोंगड्यानं सांगितलं. अर्ध्या दवाखान्याला सांगितलं.”

बाकड्यावरचे दोघं-तिघं हसले. मी घोंगडी काखेत आवळली.

मग तिनं स्टुलाखालून सूप काढलं. सुपात तुरीची डाळ. सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. “नुसतं बसून काय करताव? एवढे खडे काढा.”

मी पुरुषमाणूस. सुपाला कधी हात लावला नव्हता. घरात लावला असता तर दत्ताची आई हसून मेली असती. मी म्हणालो, “सरकारी जागेत घरची कामं करून घेताव व्हय?”

“घेते की. का खडा दिसत न्हाई तुमाला? चष्मा लागतोय का?”

माझी नजर अजून अशी आहे की फर्लांगावरचं लंगडं मेंढरू ओळखतो. मी ते सूप ओढलं आणि सगळ्यांदेखत डाळ निवडायला बसलो. आजही सांगताना मला पटत नाही की तो मीच होतो.

पुढं कळलं की त्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला ती सूप द्यायची. मास्तर असो, दुकानदार असो. तिच्या घरची डाळ सगळ्या तालुक्यानं निवडली असं मी गावात सांगायचो आणि लोक हसायचे.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, म्हणजे आमच्या दुसऱ्या खेपेला, ऊसतोडीहून परतलेलं एक घर आलं. सून आजारी. सोबत सासू, नवरा, दोन दीर, कडेवर पोरं. सासू पुढं होऊन म्हणाली, “तिला काय बोलता येत न्हाई. मीच सांगते मॅडमला समदं.”

मला वाटलं आता काठी आडवी येणार. पण गयाबाई म्हणाली, “लई बरं झालं तुमी आलाव. मला तुमचंच ऐकायचंय. बसा हितं.” आणि माझ्या मांडीवरचं सूप उचलून सासूच्या मांडीवर. सून आत गेली. तिच्या चपलांना बंदाच्या जागी सुतळी होती. गयाबाईनं त्यासुद्धा तशाच सरळ मांडल्या.

सासूनं सुनेपासून सुरुवात केली. ऊठत न्हाई, खात न्हाई, पोराला पाजताना रडती. गयाबाई नुसती “मंग?” म्हणायची. डाळ निवडत निवडत सासू सुनेवरून नवऱ्यावर आली, नवऱ्यावरून आपल्या पहिल्या तोडीवर. फडातच बाळंत झाली होती, तिसऱ्या दिवशी मोळी उचलली होती, ते पोर राहिलं नव्हतं. हे तिनं त्या बाकड्यावर, मी शेजारी बसलेलो असताना सांगितलं, आणि स्वतःच दचकून थांबली. तिचे हात सुपात तसेच राहिले. मग बारीक आवाजात म्हणाली, “ही मॅडम म्हाताऱ्यास्नी बी बघती का?”

“बघती की. पण तुमची चिठ्ठी तुमी काढायची. सुनेच्या चिठ्ठीवर न्हाई.”

मी बायामाणसांत बसणारा माणूस नाही. पण त्या दिवशी मला उठताच आलं नाही.

एक गुरुजी यायचे, नोकरीतून मोकळे झालेले, पेन खिशाला. त्यांची आत जायची तयारीच होईना. गयाबाईलाच विचारत बसायचे. किती खेपा लागतील, मॅडम नेमकं करणार काय, गुण नाही आला तर पुढं काय. ती म्हणाली, “गुरुजी, मी फरशी पुसते. हे समदं मॅडमला इचारा, पैल्याच दिशी. किती येळा यायचं, काय करणार, न्हाई जमलं तर काय.”

“त्यांना राग नाही येणार?”

“येत न्हाई. आन समजा आला, तर ती मॅडम तुमची न्हाई. बीडला दुसरे सर बसत्यात, त्यांच्याकडची चिठ्ठी मागा. चप्पल चावायली तर बदलताव का न्हाई?”

“आणि सांगितलेलं बाहेर गेलं तर? माझे विद्यार्थी आहेत गावात.”

“आतलं आत राहतंय. जिवावरचं काय असंल, तुमच्या न्हाई तर दुसऱ्या कुणाच्या, तेवढंच मॅडम घरच्यास्नी सांगत्यात. तेबी तुमाला आधी सांगून. ह्ये मॅडम सोता पैल्या दिशी सांगत्यात. न्हाई सांगितलं तर इचारा.”

गुरुजींनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. झाडलोट करणाऱ्या बाईच्या तोंडचं. मी बघत होतो.

सगळेच टिकायचे असं नाही. एक एसटीचा ड्रायव्हर एकदाच आला आणि परत आला नाही. त्याच्या गावचा कुणी बाजाराला आलेला दिसला की गयाबाई विचारायची, “बरा हाय का त्यो? या म्हणावं. चपला सरळ करून ठेवते.” तो आला की नाही मला ठाऊक नाही. पण ती विचारायची सोडत नव्हती.

तर दुसऱ्या खेपेला दत्ता बाहेर आला. तसाच, मान खाली. गयाबाईनं त्याला विचारलं, “पाणी पाहिजे का रे बाबा?”

दत्तानं आधी माझ्याकडं बघितलं.

झालं. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. “पाणी पाहिजे का इचारलं तर ह्यो तुमच्याकडं बघायलाय. पाव्हणं, काय बजावलंव तुमी ह्याला?”

लपवायचं मला काही कारण नव्हतं. मी ताठ मानेनं सांगितलं. पुसायची रीत सांगितली. विद्या असेल तर ओळखेल, आपण आयतं देणार नाही, हेही सांगितलं.

तिनं कपाळाला हात लावला. “दोन खेपा? दोन खेपा हे लेकरू आत गप बसून आलं?”

“मॅडमनं तरी कुठं वळखलं?”

“पाव्हणं, मेंढरू लंगडायलं तर तुमी काय करताव?”

“खूर उचलून बघतो.”

“आन त्यानं खूर पोटाखाली दाबून धरला तर?”

मी काय गप बसणारा आहे? म्हणालो, “आमी न उचलता बी वळखतो. मेंढरू बोलत न्हाई, तरी त्याच्या डोळ्यावरनं कळतंय आमाला काय दुखतंय.”

तिनं तांब्या परत उचलला. आवाज चढवला नाही. “मंग चार महिने घरात बसलेल्या लेकाचं कावून न्हाई कळलं?”

मला कुणीतरी चारचौघांत कानफटात दिल्यासारखं झालं. मी उठलो, दत्ताला उठवलं आणि तडक स्टँडवर गेलो. वाटेत ठरवलं, पुन्हा या दवाखान्याची पायरी चढणार नाही. एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. पाली गावाच्या पुढं की मागं, नेमकं आठवत नाही, पण माझ्या ध्यानात आलं की दत्तासुद्धा घरी असाच बसतो. तोंड फिरवून.

त्याच्या आईला मी यातलं काही सांगितलं नाही. पण मंगळवारी सकाळी मीच आधी पटका बांधला.

दारात गयाबाई होती. माझ्याकडं बघून हसली नाही, टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाली, “तुमी घातलेली गाठ तुमीच सोडा. हितंच. आत जायच्या आधी.”

मी इकडंतिकडं बघितलं. माणसं होती. मी म्हणालो, “दत्ता, बोल बाबा. तुला बोलायचंय ते बोल.”

“माझ्याबद्दल असंल तरी बोल म्हणा,” गयाबाई म्हणाली.

मला त्याचा अर्थ कळला नाही. माझ्याबद्दल काय असणार? पण म्हणालो. “माझ्याबद्दल असंल तरी.”

दत्तानं चपला काढल्या. पाचदहा मिनिटं गेली असतील. आणि बंद दारातून मला आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज माझ्या लेकाचा होता. बसका, गंजलेला, मधेच तुटणारा. मी सुपात हात घालून तसाच बसलो. चार महिने घरच्या सगळ्यांनी नवस केले, त्याच्या पोरीनं त्याच्या मांडीवर डोकं आपटलं तरी ओठ हलले नव्हते, आणि इथं परक्या बाईपुढं तो बोलत होता. आनंद व्हायला पाहिजे होता. खरं सांगतो, मला आधी राग आला. मग भीती वाटली. मी काय केलं होतं म्हणून त्याला परकं माणूस लागलं?

मी हळूच दाराकडं सरकलो. लगेच बादली खाडकन आदळली.

“डाळ राहिली तुमची,” गयाबाई म्हणाली.

त्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन विचारलंच. “तुमी दाराला लागून बसताव. तुमाला ऐकू येत असंल. काय म्हणायलाय तो?”

“माझा डावा कान फुटका हाय, पाव्हणं. तोच दाराकडं असतोय.”

मी असल्या थापेला बधणारा नाही. थोड्या वेळानं ती स्टुलावर बसली असताना मी तिच्या डाव्या बाजूनं, मागून, अगदी पुटपुटलो, “स्टुलाखाली इंचू हाय.”

ती जागची हलली नाही. पण म्हणाली, “असू द्या. त्योबी नंबर लावून बसला असंल.”

कान धडधाकट होता. म्हणजे बाईला सगळं ऐकू यायचं. वर्षानुवर्षं, रोज, सगळ्या तालुक्याचं. आणि मग मला बादलीचा उलगडा झाला. आत कुणाचा हुंदका वर आला की ही बादली आपटायची. बाकड्यावरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी आठवून बघितलं. त्या सुतळीच्या चपलांची सून आत असताना बादली चार वेळा ओढली होती. मी तिला कामचुकार समजत होतो. मला माझीच शरम वाटली, पण ते मी कुणाला बोललो नाही.

त्या तिसऱ्या खेपेनंतर घरी उलटंच झालं. दत्ता जेवंना. अंगणात बसून रडला, पोरांसमोर. आधी निदान गप होता. त्याची आई घाबरली. शुक्रवारची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी एकटा तालुक्याला गेलो, भांडायला. मॅडम नव्हत्या. गयाबाई होती.

“पोरगं होतं त्यापेक्षा बिघडवलं तुमी,” मी म्हणालो. “आता आणणार न्हाई.”

तिनं आधी विचारलं, “त्याच्याजवळ हाय का कुणी आत्ता?”

“त्याची आई हाय.”

“विहिरीचं, मरायचं काय बोलला का?”

“न्हाई. नुसता रडला. मंग झोपला.”

“झोपला?”

“सकाळपतुर.”

“कवापासून झोपला नव्हता?”

टिपर आला त्या पहाटेपासून. तिला ते माहीत होतं, मलाही होतं.

“लोकर कातरली की मेंढरू दोन दिस कापतंय का न्हाई?” ती म्हणाली. “मंग तुमी काय करताव? लोकर परत चिकटवताव?”

“आडोशाला बांधतो.”

“तेवढंच करा. आन हे जे मला सांगितलं ते समदं शुक्रवारी मॅडमला सांगा. एकटं सोडू नका. विहिरीचं तोंडातनं आलं तर शुक्रवार बघायचा न्हाई, तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. आन डॉक्टरांच्या गोळ्या तुमच्या मनानं बंद करायच्या न्हाईत.”

पहिल्या दिवशी गोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी कालच बंद केल्या होत्या. हे तिला कसं कळलं हे देवालाच ठाऊक. मी परत गेलो आणि गोळी माझ्या हातानं दिली.

मी एकदा तिला विचारलं, “एवढं समदं तुमाला कुणी शिकवलं? कधी आत गेलताव का तुमी?”

“माझ्या बी चपला कुणीतरी सरळ केल्या असतील की,” ती म्हणाली आणि पोछा घेऊन पार टोकापर्यंत गेली. त्यापुढं मला तिचं काही ठाऊक नाही. गाव कुठलं, घरात कोण, काही नाही. तिनं मला माझं सगळं काढायला लावलं आणि स्वतःचं एवढंच सांगितलं.

मग एका शुक्रवारी मॅडम दारात आल्या. पोरसवदा बाई, माझ्या नातीच्या वयाची म्हणावी अशी. म्हणाल्या, “बाबा, दत्तांना तुमच्याशी काहीतरी बोलायचंय. माझ्यासमोर. तुमची तयारी असेल तर आत या.”

मी म्हणालो, “माझ्यात काय बिघाड न्हाई.”

मॅडम म्हणाल्या, “घाई नाही,” आणि आत गेल्या.

मला वाटलं आता गयाबाई मागं लागणार. ती फडकं पिळत होती. म्हणाली, “नका जाऊ. न्हाई म्हणायचा हक तुमाला बी हाय. फकस्त बाकड्यावरनं सांगू नका. दारात जाऊन लेकाच्या तोंडाकडं बघून न्हाई म्हणा.”

मी दारात गेलो. दत्ता खुर्चीवर बसला होता. वर बघत होता, माझ्याकडं. किती महिन्यांनी. मला नाही म्हणता आलं नाही. वहाणा पायातून निघाल्या कशा ते कळलं नाही. आत पाय टाकताना मागं बघितलं तर गयाबाई वाकलेली. माझ्या त्या नाल ठोकलेल्या, शेणामातीच्या वहाणा तिनं दोन्ही हातांनी उचलल्या होत्या. पुसायची काठी दारात आडवी लावून मला अडवणारी बाई. मी म्हणायला गेलो, राहू द्या. तेवढ्यात दार लागलं.

आतलं आत राहतं, असा तिथला नियम. पण एवढं माझं आहे म्हणून सांगतो. दत्ता म्हणाला, “आबा, त्या दिशी रस्त्यावर तुमी म्हणालताव, मेंढरं गेली आन तू कावून राहिलास. मी त्याचंच उत्तर हुडकायलोय. कावून राहिलो. सापडंना.”

मला ते म्हटल्याचं आठवत नव्हतं. मग आठवलं. रस्त्यात रक्त, राख, धुकं, आणि मी पटका फेकून ओरडलेलो. तोंडातून गेलं आणि मी विसरलो. तो नाही विसरला. तो चार महिने गंजीकडं तोंड करून तेच शोधत होता, आणि विहिरीतही तेच बघत होता.

मी काहीतरी बोलायला लागलो. तेवढ्यात बाहेर बादली आदळली. खाडकन. मग कडी वाजली, मग ती खडखडत या भिंतीपासून त्या भिंतीला गेली. मी दत्ताकडं बघितलं, हा रडतोय का. त्याचे डोळे कोरडे होते. तो माझ्याकडं बघत होता. मी तोंडावर हात फिरवला तेव्हा कळलं, दाढी सगळी ओली आहे, आणि बादली माझ्यासाठी वाजतेय.

पुढं मी लेकाला काय बोललो ते सांगणार नाही.

दत्ता आता मेंढरांमागं जातो. रोज नाही. काही दिवस घरी बसतो, पण तोंड अंगणाकडं करून. तालुक्याला महिन्यातून एकदा जातो, एकटा. पुढच्या वेळी मी सोबत गेलो तेव्हा दारात दुसरी बाई होती, मोबाईलमध्ये बघत. कंत्राट बदललं, जुनी माणसं गेली असं कळलं. कुठं गेली ते कुणाला सांगता आलं नाही. दत्ताच्या चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. मी आजूबाजूला बघितलं, वाकलो आणि सरळ केल्या.

गयाबाईला मी शेवटचं बघितलं ते त्या शुक्रवारीच. खोलीतून बाहेर आलो तेव्हा ती माझ्याकडं पाठ करून कोरडी फरशी पुसत होती. बादलीत पाण्याचा थेंब नव्हता. माझ्या वहाणा फाटकाकडं तोंड करून सरळ मांडलेल्या. मी बाकड्यावर टेकलो, सूप ओढलं, अर्धी राहिलेली डाळ खाली मान घालून निवडली, खड्यांची ढिगली नेहमीसारखी सुपाच्या कोपऱ्यात केली. तिनं वळून बघितलं नाही. मग मी आणि दत्ता निघालो.

फाटकाजवळ मी मागं बघितलं. गयाबाईनं सूप उचललं होतं. मी काढलेले खडे तिनं मुठीत घेतले, परत डाळीत टाकले, दोनदा सूप हलवून नीट मिसळले, आणि बाकड्यावर नव्यानं येऊन बसलेल्या एका ताठ मानेच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.